कर गाडीवर की पेट्रोलवर?

महाराष्ट्रात मोटारगाडीवर सरकार दोन ठिकाणी कर घेते. एकदा गाडी घेताना आणि मग दर वेळी पंपावर. पहिला राज्याच्या परिवहन खात्याचा मोटार वाहन कर. दुसरा इंधनावरचा, त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, असे दोन वाटे आहेत. पहिला कर काढून टाकावा आणि ती तूट इंधनावरचा कर वाढवून भरून काढावी, अशी सूचना जगात अनेक देशांत अधूनमधून पुढे येते. जो जास्त फिरेल तो जास्त भरेल, हा तिच्यामागचा सरळ हिशेब. तो सांगली जिल्ह्यातल्या विट्यासारख्या गावात मांडून पाहिला, तर वाटतो तितका सरळ राहत नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट व्हायला हवी. वाहन कर म्हटले की दरवर्षी भरायचा कर डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रात दुचाकी आणि खासगी मोटारींना तसा कर नाही. त्यांचा कर पासिंगच्या वेळी एकरकमी घेतला जातो. विट्यातल्या एखाद्या शोरूममध्ये मोटारसायकलचे कोटेशन मागितले की कागदावर एकाखाली एक रकमा येतात: एक्स-शोरूम किंमत, विमा, आरटीओ आणि तळाला ‘ऑन रोड’. ‘आरटीओ’च्या ओळीत नोंदणीचे शुल्क किरकोळ असते, बाकी सगळा कर. २०२५ च्या दरांनुसार १०० ते २९९ सीसीच्या मोटारसायकलला किमतीच्या ११ टक्के. पेट्रोल मोटारीला १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेल मोटारीला त्याच टप्प्यांवर १३, १४, १५ टक्के. वर्षाला कर भरण्याची पद्धत उरली आहे ती मुख्यतः ट्रक आणि बसगाड्यांसारख्या जड व्यावसायिक वाहनांना. तिथेही राज्याचा कल एकरकमीकडेच आहे. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना २०२५ च्या अर्थसंकल्पाने किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लावला. सुताची बाचकी वाहणारे पिकअप आणि अंड्यांचे ट्रे नेणारे छोटे हत्ती यात आले, आणि यंत्रमाग व कुक्कुटपालनावर जगणाऱ्या विट्यात अशा गाड्या गल्लोगल्ली आहेत.

म्हणजे इथला प्रश्न वार्षिक कर की इंधन कर असा नसून, गाडीच्या किमतीवर कर की तिच्या वापरावर कर, असा आहे.

इंधनातून रस्त्यासाठी पैसा काढण्याची कल्पना भारतात जवळपास शंभर वर्षांची आहे आणि तिच्यामागे एक मराठी नाव आहे. मोटारी वाढू लागल्या, रस्ते धुळीचे होते आणि ते सांभाळण्याचा खर्च जिल्हा लोकल बोर्डांना झेपेना, तेव्हा १९२७ मध्ये केंद्र सरकारने बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले ते हेच जयकर. मोटार वापरणाऱ्यांकडून पेट्रोलवर जादा कर घ्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी शिफारस समितीने केली. त्याप्रमाणे १ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा आकारणी बसली. जमलेल्या रकमेतला काही हिस्सा केंद्राने राखीव ठेवायचा आणि बाकीचा प्रांतांना त्यांच्या पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात द्यायचा, असा नियम ठरला. पेट्रोल जिथे खपले तिथे गाड्या धावल्या, हे यामागचे गृहीत. रस्ता वापरणाऱ्याचा पैसा त्याच रस्त्यापाशी परत जावा, ही सोय आजच्या अनेक करांपेक्षा जास्त प्रामाणिक होती.

गाडीवरचा कर मात्र त्यामुळे गेला नाही. राज्यघटनेने दोन्ही करांची दारे वेगळी ठेवली. वाहनांवरचा कर राज्यांच्या यादीत, पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवरचा करही राज्यांच्या यादीत, आणि त्यांच्या उत्पादनावरचे शुल्क केंद्राकडे. महाराष्ट्रातला आजचा वाहन कर १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यावर उभा आहे. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि १९९९ मध्ये डिझेलवर लिटरला एक रुपयाचा रस्त्यांसाठीचा केंद्रीय अधिभार आला. राष्ट्रीय महामार्गांच्या चौपदरीकरणाला त्याचा मोठा आधार झाला. दोन्ही कर शेजारी शेजारी वाढत गेले. आता तर त्यांच्या जोडीला टोलही आहे.

पंपावरच्या एका लिटरमध्ये २०२५ च्या मध्यास काय काय होते ते पाहू. केंद्राचे उत्पादन शुल्क पेट्रोलवर २१ रुपये ९० पैसे आणि डिझेलवर १७ रुपये ८० पैसे. महाराष्ट्राचा व्हॅट पेट्रोलवर २५ टक्के, वर लिटरला ५ रुपये १२ पैसे जादा. डिझेलवर २१ टक्के. व्हॅट लावताना ज्या किमतीवर तो मोजतात तिच्यात केंद्राचे शुल्क आधीच मिसळलेले असते, म्हणजे करावरही कर बसतो. पेट्रोलसाठी मोजलेल्या शंभर रुपयांतले चाळीसहून अधिक कराचेच होते.

इतका मोठा कर लोक मुकाट देतात याचे कारण तो दिसत नाही. याचा दाखला याच भागात मिळतो. कोल्हापुरात शहरातल्या रस्त्यांसाठी टोल बसला, तेव्हा त्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलन चालले, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते रस्त्यावर उतरले, जानेवारी २०१४ मध्ये टोलनाके जाळले गेले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला तो टोल रद्द करावा लागला. त्याच २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळ निवारणाच्या नावाने राज्याने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरला दोन रुपयांचा अधिभार लावला. तो खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतल्या पंपांवरही लागू झाला. म्हणजे ज्यांच्यासाठी पैसा गोळा करायचा, तेही टाकी भरताना त्यात भर घालत होते. कोल्हापूरसारखे आंदोलन त्याविरुद्ध उभे राहिले नाही. नाक्यावर थांबवून वीस रुपये मागितले की माणूस चिडतो, तेच लिटरमध्ये विरघळवले की चालून जाते. अर्थमंत्र्यांना इंधन कर आवडतो त्याचे निम्मे कारण हेच.

बाकीचे निम्मे वसुलीच्या सोयीचे आहे. वाहन करासाठी नोंदणी, तपासणी, सीमेवरचे नाके, थकबाकीच्या नोटिसा असा पसारा लागतो. इंधनाचा कर मोजक्या तेल कंपन्यांकडून, डेपोतून माल निघतानाच हाती येतो. चीनने हाच विचार करून १ जानेवारी २००९ पासून गाडीमालकांकडून घेतले जाणारे रस्ता-देखभाल शुल्क बंद केले आणि पेट्रोलवरचा कर लिटरला ०.२ युआनवरून १ युआन, डिझेलवरचा ०.१ वरून ०.८ युआन केला. मुहूर्तही नेमका साधला. २००८ च्या अखेरीस जगात तेलाचे भाव कोसळले होते, त्यामुळे वाढीव कराची झळ पंपावर जाणवली नाही.

विट्यापुरती या बदलाच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातले गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. धंदा तमिळनाडूत किंवा उत्तर प्रदेशात, घर आणि शेत खानापूर तालुक्यात, अशी त्यांची राहणी. गाडी एमएच १० पासिंगची असेल आणि ती बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. मग सांगलीहून ना हरकत, नव्या राज्यात पुन्हा कर, आणि इथे आधी भरलेल्या एकरकमी करातला उरलेला भाग परत मिळवण्यासाठी अर्ज. पंधरा वर्षांचा कर आगाऊ घेण्याचा हा परिणाम आहे. २०२१ मध्ये आलेल्या ‘बीएच’ मालिकेत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी नंबर बदलावा लागत नाही. पण ती सोय सरकारी व बँक कर्मचारी, सैनिक आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांचे नोकरदार यांच्यासाठी आहे. स्वतःची पेढी चालवणारा गलाईवाला तिच्यात बसत नाही. कर इंधनात गेला तर गाडी जिथे धावेल तिथल्या पंपावर तो आपोआप भरला जाईल आणि हा सगळा कागदांचा व्याप संपेल.

हे सगळे मान्य केले तरी बदलाचा बोजा कोणावर पडेल, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. उदाहरणादाखल तीन गाड्या घेऊ. एक लाखाची मोटारसायकल, लिटरला ५० किलोमीटर देणारी, वर्षाला ८ हजार किलोमीटर धावणारी. पंधरा वर्षांत तिला २,४०० लिटर पेट्रोल लागेल. आज तिचा कर ११ हजार रुपये, म्हणजे लिटरमागे साडेचार रुपयांच्या आसपास. दुसरी, आठ लाखांची पेट्रोल मोटार, लिटरला १५ किलोमीटर, वर्षाला ९ हजार किलोमीटर: पंधरा वर्षांत ९ हजार लिटर, आजचा कर ८८ हजार, लिटरमागे पावणेदहा रुपये. तिसरी पन्नास लाखांची, लिटरला १० किलोमीटर देणारी, तेवढीच धावणारी: १३,५०० लिटर, आजचा कर साडेसहा लाख, लिटरमागे ४८ रुपये.

आता वाहन कर रद्द करून पेट्रोलवर सरसकट ७ रुपये वाढवले असे धरू. मोटारसायकलवाला पंधरा वर्षांत ११ हजारांऐवजी १६,८०० भरेल. आठ लाखांच्या मोटारीचा मालक ८८ हजारांऐवजी ६३ हजार. पन्नास लाखांच्या गाडीचा मालक साडेसहा लाखांऐवजी ९४,५०० रुपये. पंपाच्या नळीला टाकी कोणाची आहे हे कळत नाही. तिला फक्त लिटर मोजता येतात. शोरूममधला कर मात्र किमतीवर चढत जातो. तो काढून लिटरवर टाकला की श्रीमंताची सूट गरिबाच्या पेट्रोलमधून वसूल होते.

हा केवळ कागदावरचा खेळ नाही. पेट्रोलियम मंत्रालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत एकूण पेट्रोलपैकी ६१ टक्क्यांहून अधिक पेट्रोल दुचाकींना लागते असे आढळले होते. पेट्रोल कर वाढवणे म्हणजे मुख्यतः मोटारसायकलींवर कर वाढवणे. त्यातही जी मोटारसायकल धंद्याची आहे, तिचे हाल जास्त. वाडी-वस्तीवर अंडी पोचवणारा किंवा कापडाचे नमुने घेऊन फिरणारा वर्षाला २५ हजार किलोमीटर सहज करतो. त्याच हिशेबाने तो पंधरा वर्षांत ११ हजारांच्या जागी ५२,५०० रुपये देईल. उलट मोटार दारात ठेवून वर्षाला ३ हजार किलोमीटर चालवणारा निवृत्त माणूस ८८ हजारांच्या जागी २१ हजारांत सुटेल. रस्ता वापरण्याच्या न्यायाने हे बरोबरच आहे. पण खानापूर तालुक्यातल्या ज्या गावात एसटी दिवसातून मोजक्याच वेळा जाते, तिथल्या माणसाचे जास्त किलोमीटर ही चैन नसते. दवाखाना, बाजार, कॉलेज सगळे विट्यात. अंतर त्याने निवडलेले नाही.

डिझेलचा प्रश्न याहून अवघड आहे. त्याच पाहणीत डिझेलपैकी सुमारे ७० टक्केच वाहतुकीत जाते आणि १३ टक्के शेतीत, असे दिसले होते. ट्रॅक्टर रोटाव्हेटरसाठी शेतात चालो की उसाची ट्रॉली घेऊन कारखान्याकडे जावो, डिझेल एकच. वाहन कर शेतातल्या नांगरणीवर नसतो. डिझेलचा कर मात्र तिच्यावरही बसतो. वीज गेल्यावर जनरेटरवर चालणारे यंत्र, विहिरीचे इंजिन यांचेही तेच. ब्रिटनमध्ये शेतीसाठीच्या कमी कराच्या डिझेलमध्ये लाल रंग मिसळतात, म्हणजे ते रस्त्यावरच्या गाडीत सापडले तर ओळखू येते. भारतात रेशनच्या रॉकेलला निळा रंग देऊन हाच उपाय केला गेला आणि तरीही ते डिझेलमध्ये मिसळायचे थांबले नाही. महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत दिला जातो. तसा परतावा लाखो ट्रॅक्टरमालकांना द्यायचा ठरवले तर वाहन कराचा पसारा परवडला असे म्हणायची पाळी येईल.

शिवाय रस्ता खराब कोण करतो? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर १९५८ ते १९६० या काळात ट्रक सतत फिरवले गेले. त्या चाचणीतून निघालेला ठोकताळा असा, की ॲक्सलवरचे वजन वाढले की रस्त्याचे नुकसान त्याच्या चौथ्या घाताने वाढते. ॲक्सलवर एका टनाऐवजी दहा टन आले की नुकसान सुमारे दहा हजार पट. डिझेल मात्र ट्रकला मोटारीच्या चार-पाच पटच लागते. भारतात २०१८ मध्ये चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. गुहागरहून कराड, विटा, जत असा विजयपूरकडे जाणारा महामार्ग किंवा गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांखालचे जिल्हा रस्ते पाहिले, तर हे गणित डोळ्यांनी दिसते. ट्रकचा वार्षिक कर वजनाच्या टप्प्यांवर आकारला जातो, म्हणून तो नुकसानीच्या थोडा तरी जवळ जातो. तो काढून डिझेलवर टाकला तर दुवा तुटेल. आणि ट्रकवाल्याचाही फायदा होईल असे नाही: वर्षाला ८० हजार किलोमीटर चालणारा, लिटरला चार किलोमीटर देणारा दहाचाकी ट्रक २० हजार लिटर डिझेल पितो. लिटरला एक रुपया वाढला की त्याचा वर्षाचा खर्च २० हजारांनी वाढतो, आणि तो शेवटी भाड्यातून सुताच्या बाचक्यावर आणि कापडाच्या ताग्यावर चढतो. एसटीची गोष्ट निराळी. ती तिकिटाच्या उत्पन्नावर प्रवासी कर देते, आणि डिझेल महागले की तोटा तिच्याच माथी.

सीमेची अडचण सांगली जिल्ह्याला नवी नाही. मिरजेहून म्हैसाळ ओलांडले की कागवाड, कर्नाटक. जून २०२४ पर्यंत कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर सव्वाचौदा टक्क्यांच्या आसपास होता, महाराष्ट्रात २१. लांब पल्ल्याचा ट्रक टाकी कुठे भरेल हे सांगायला नको. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने तो साडेअठराच्या जवळ आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्के केला, तेव्हा दरांतली दरी बुजली. महाराष्ट्राने वाहन कराची भरपाई म्हणून डिझेल महाग केले की ती पुन्हा उघडेल. गोव्याने याची दुसरी बाजू दाखवली. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने एप्रिल २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, पेट्रोल लिटरला सुमारे ११ रुपयांनी उतरले आणि सिंधुदुर्गातल्या गाड्या टाकी भरायला गोव्यात जाऊ लागल्या. पुढे गोव्याला तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवावा लागला. गाडीवरचा कर असा सीमेपलीकडे पळत नाही.

सीमेचा प्रश्न सोडवायचा तर वाढ साऱ्या देशात एकसारखी, म्हणजे केंद्राच्या उत्पादन शुल्कातून व्हायला हवी. पण तिथे राज्यांचा घास जातो. केंद्राच्या इंधन शुल्काचा मोठा भाग अधिभार आणि उपकर या स्वरूपात असतो, आणि तो राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. वाटणीत येते ते मूळ उत्पादन शुल्क, जे पेट्रोलवर लिटरला दीड रुपयाच्याही आत आहे. आपला हक्काचा वाहन कर सोडून केंद्राच्या हाताकडे पाहत बसायला कोणते राज्य तयार होईल? जकात गेली तेव्हा महाराष्ट्रातल्या नगरपालिकांनी सरकारी अनुदानाची वाट पाहणे काय असते ते अनुभवले आहे.

ब्रिटनमध्ये १९७८ साली मजूर पक्षाच्या सरकारने वार्षिक वाहन कर टप्प्याटप्प्याने बंद करून तो पेट्रोलवर टाकण्याचे जाहीर केले होते. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि तो बेत गुंडाळला गेला. त्याच १९७८ साली न्यूझीलंडने वेगळा मार्ग धरला. तिथे पेट्रोलवर पंपावरच कर असतो. डिझेलवर तो नसतो, तर डिझेल गाडीला वजन आणि किलोमीटर या दोन्हींच्या हिशेबाने रस्ता शुल्क आगाऊ भरावे लागते. शेतातला ट्रॅक्टर सुटतो, जड ट्रक सापडतो. वर सांगितलेल्या अडचणींपैकी बहुतेकींना या पद्धतीत उत्तर आहे. महाराष्ट्रात ट्रकच्या वार्षिक करात असा किलोमीटरचा भाग आणणे आज पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. फास्टॅग काचेवर लागलेलाच आहे. छोट्या गाड्यांसाठी मात्र किमतीवरचा एकरकमी करच जास्त न्यायाचा ठरतो. तो दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरण्याची ‘बीएच’सारखी मुभा सर्वांना दिली तर गलाईवाल्यांची अडचणही दूर होते, आणि त्यासाठी पेट्रोलला हात लावावा लागत नाही.

इंधन कराची वाट आणखी एका कारणाने अरुंद होत चालली आहे. विजेवरच्या गाड्या पंपावर जातच नाहीत. घरच्या बोर्डावर स्कूटर चार्ज केली तर वीजबिलात ती मिक्सर आणि पंख्यात मिसळून जाते. आज वाहन कर पूर्णपणे पेट्रोलवर टाकला तर दहा-पंधरा वर्षांत तो भरणारे उरतील ते जुन्या मोटारसायकली चालवणारे, कारण नवी गाडी घेणे ज्यांना परवडते ते आधी विजेकडे वळतील. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारींनाही किलोमीटरचे शुल्क लावले. महाराष्ट्रात या गाड्यांना वाहन करही माफ आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींना ६ टक्के कर सुचवला गेला होता. त्याच अधिवेशनात सरकारने तो मागे घेतला.